कागदाची क्रेन, मातीची बकेट

टॉवर क्रेन किंवा जेसीबी घरी करायला घेतला की पहिला मोह होतो पिवळ्या रंगाचा. तो आवरा. पिवळा रंग चढला की कितीही कष्टानं केलेलं काम खेळण्यासारखं दिसायला लागतं, आणि खेळणीच हवी असतील तर दुकानात प्लॅस्टिकची त्याहून सफाईदार मिळतात. इथे सांगतोय ते वेगळं आहे. टनावारी लोखंड उचलणाऱ्या, खडक फोडणाऱ्या यंत्राचा आकार घ्यायचा आणि तो बोटाचा धक्काही न सोसणाऱ्या सामानात उभा करायचा. कागद, खराट्याचे हीर, शिवणाचा दोरा, शाडूची माती असं सामान पुरतं.

हे जमायचं असेल तर एक गोष्ट आधी मनात पक्की हवी. ही यंत्रं ताकदीवर चालतात असं आपल्याला वाटतं, पण त्यांचा बराचसा कारभार तोलावर चालतो. टॉवर क्रेन लांबलचक आडवा हात, म्हणजे जिब, पसरून उभी राहते, कारण मागच्या आखूड हाताला काँक्रीटचे ठोकळे टांगलेले असतात. जेसीबी मागच्या हातानं खणताना आधी दोन्ही बाजूंचे जॅक जमिनीला टेकवतो, पुढची बकेट खाली रोवतो आणि मगच जोर लावतो. हा तोल ज्याला कळला त्याची कागदी क्रेनही उभी राहते. नुसतं बाहेरचं रूप उचललं तर कितीही फेविकॉल ओता, चार दिवसांत जिब खाली झुकते.

या वाटेवर आधी चालून गेलेली मंडळी आहेत. बेल्जियमचा विम डेल्वॉय यानं एक्स्कॅव्हेटर, डंप ट्रक, सिमेंट मिक्सर अशी यंत्रं गॉथिक चर्चच्या खिडक्यांसारख्या नाजूक जाळीकामात केली. पोलादी पत्रे लेझरनं कापून ही जाळी तयार होते. त्याच्याही आधी, 1990 च्या दशकात, त्यानं इंडोनेशियातल्या कारागिरांकडून सागवानात नक्षीदार काँक्रीट मिक्सर कोरून घेतला होता. त्याच्या कामात आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की यंत्राची बाह्यरेषा तो बिघडवत नाही. लांबून मिक्सर मिक्सरच दिसतो, जवळ गेल्यावर जाळी दिसते. तुम्हीही बदल एकच करा. सामान बदलणार असाल तर प्रमाण सोडू नका. सामानही बदललं, आकारही वाकवला आणि वर रंगही उडवले, तर बघणाऱ्याला मूळ यंत्र ओळखूच येत नाही आणि नाजूकपणाची गंमत जाते.

कोणतं यंत्र घ्यायचं, हे सामानावरून ठरवावं. ढोबळ मानानं बांधकामावरची यंत्रं दोन जातींची असतात. एक जाळीची: टॉवर क्रेन, माल वर नेणारा होइस्ट, काही ठिकाणी मेट्रोच्या खांबांवर चढलेला लाँचिंग गर्डर. दुसरी पत्र्याची: पोकलेनची बकेट, रोलरचा ड्रम, डंपरचा हौदा, मिक्सरचं फिरतं पोट. जाळीच्या यंत्रांना काडी आणि दोरा हवा, पत्र्याच्यांना कागदाचं कवच किंवा माती. मातीची टॉवर क्रेन करायचा हट्ट धरू नका. पहिलं काम जाळीचंच घ्या. त्यात चूक लगेच दिसते आणि एक काडी बदलून सुधारता येते.

बघायला जाताना कुंपणाच्या बाहेरच थांबा. साइटवर परवानगीशिवाय घुसणं धोक्याचं आहे आणि त्याची गरजही नाही, क्रेन लांबूनच चांगली कळते. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर शक्य तितकं लांब उभं राहून झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत खालचा भाग फुगतो, वरचा बारीक होतो, आणि त्यावरून मापं घेतली की सगळं काम तिरपं जातं. संध्याकाळी आभाळ मागे असताना जाळी नीट मोजता येते. संपूर्ण क्रेनचं चित्र काढण्यापेक्षा सांधे काढा: मास्टवर, म्हणजे उभ्या खांबावर, फिरतं चाक कुठे बसलंय, ऑपरेटरची केबिन कुठल्या बाजूला आहे, वरच्या शेंड्यावरून निघालेले ताण जिबला कुठे धरतात. काही क्रेनला हा शेंडा नसतोच, माथा सपाट असतो. पहिल्या कामासाठी शेंडावाली निवडा, का ते पुढे येईल.

जिब नीट बघितलीत तर अनेकदा ती त्रिकोणी दिसेल. वर एक नळी, खाली दोन, आणि खालच्या दोघींवरून हूकची ट्रॉली पुढे-मागे सरकते. मास्ट मात्र चौकोनी असतो आणि साधारण तीन-तीन मीटरचे तुकडे एकावर एक चढवून वाढवलेला असतो. ही तीन मीटरची लय शिल्पात आलीच पाहिजे. ती चुकली की बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. आणखी एक गोष्ट बघून ठेवा. काम थांबल्यावर, विशेषतः वाऱ्याच्या दिवसांत, ऑपरेटर क्रेनचा फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडून उतरतो. मग जिब वाऱ्याबरोबर आपोआप वळते. ती अडवून ठेवली तर वाऱ्याचा सगळा रेटा मास्टवर येईल, म्हणून एवढं मोठं धूड वाऱ्यापुढे मुकाट्यानं मान वळवतं. आपल्या शिल्पात हेच आणायचं आहे.

माप 1:100 धरा. खरी जिब 60 मीटरची असेल तर तुमची 60 सेंटिमीटरची होईल. दोन मीटर रुंदीचा मास्ट दोन सेंटिमीटरचा आणि तीन मीटरचा तुकडा तीन सेंटिमीटरचा. इमारतीला न बांधता मोकळी उभी असलेली क्रेन साधारण 40 ते 60 मीटर उंच असते, तेव्हा मास्ट 50 सेंटिमीटरचा केलात तरी प्रमाण शोभतं. यापेक्षा मोठं करायचा मोह आवरा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केल्या की वजन आठपट होतं, पण काडीचा छेद चौपटच वाढतो. म्हणजे मोठी प्रतिकृती छोटीपेक्षा निम्म्यानं कमजोर. कागद आणि हीर यांना जे काम लहान मापात झेपतं, ते दुप्पट मापात झेपेलच असं नाही.

आता सामान. खराट्याचे हीर या कामासाठी देवानंच घडवलेत असं म्हणावंसं वाटतं. हीर बुडाशी जाड आणि टोकाला बारीक होत जातो, आणि खऱ्या जिबमध्येही मास्टजवळचे तुकडे भारी, टोकाकडचे हलके असतात. तेव्हा तीन हीर घेऊन तिन्ही बुडं मास्टच्या बाजूला ठेवली की अर्धं काम निसर्गानंच करून दिलेलं असतं. कोकणात ओल्या झावळीचे हीर काढून मिळाले तर उत्तम. ते वर्तमानपत्रात गुंडाळून फळीखाली दाबून सरळ वाळवा. जुन्या खराट्याचे हीर ठिसूळ असतात, पण त्यांचा गंजलेल्या लोखंडासारखा तपकिरी रंग रंगकाम वाचवतो. दोन्हींवर बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, नाहीतर वरच्या तुकतुकीत सालीवर गोंद धरत नाही.

तिरप्या काड्यांसाठी कागदाचे अँगल करा. जाडसर आयव्हरी शीटची आठ मिलिमीटरची पट्टी कापा, संपलेल्या बॉलपेननं मधोमध रेघ दाबा आणि घडी घाला. चार-चार मिलिमीटरचा काटकोनी अँगल तयार होतो, अगदी फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या लोखंडी अँगलसारखा. पट्टी कागदाच्या धाग्याच्या दिशेनं कापा. कागदाला धागा असतो. हलक्या हातानं दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर त्याचा धागा. धाग्याच्या आडवी घातलेली घडी फाटल्यासारखी होते आणि दमट हवेत उलगडते.

ग्राफ पेपरवर जिबची बाजू आणि तळ पूर्ण मापात काढा. त्यावर दुधाची पिशवी धुऊन, कापून, पसरून चिकटपट्टीनं ताणून लावा. फेविकॉल त्या प्लॅस्टिकला धरत नाही, त्यामुळे वाळल्यावर जाळी अलगद सुटते. आधी खालचे दोन हीर पसरून त्यांच्यामध्ये नागमोडी तिरक्या पट्ट्या बसवा. ते वाळू द्या. मग वरचा हीर उभ्या कागदी ठोकळ्यांवर टेकवून दोन्ही बाजूंच्या तिरक्या काड्या लावा. सांध्यावर गोंदाचा गोळा थापू नका. पाच मिलिमीटरचा कागदी त्रिकोण कापून दोन्ही अंगांनी चिकटवा. खऱ्या सांगाड्यात गसेट प्लेट करते तेच काम हा त्रिकोण करतो, आणि शिवाय दिसतोही छान. गोंद टाचणीच्या टोकानं लावा. फेविकॉलमधल्या पाण्यानं कागद फुगतो, तेव्हा जितका कमी तितका बरा. फेविक्विक या कामाला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरट पापुद्रा धरतो, सांधा ठिसूळ होतो आणि सुती दोऱ्यावर पडला तर तो चांगलाच तापतो.

कुठे काडी लावायची आणि कुठे दोरा, हे ठरवायला एक सोपी परीक्षा आहे. प्रत्येक भागाच्या जागी मनात दोरा लावून बघा. दोरा असूनही सगळं टिकलं, तर तो भाग ओढ सोसतोय. कोसळलं, तर तो दाब सोसतोय. शेंड्यावरून जिबकडे आणि मागच्या हाताकडे जाणारे ताण ओढ सोसतात, तिथे मेण लावलेला शिवणाचा दोराच लावा. शेंडा स्वतः दाब सोसतो, तिथे हीरच हवेत. सगळीकडे काड्याच लावल्या तर शिल्प जड दिसतं. दोरे दिसले की बघणाऱ्याच्या डोळ्याला कळतं की इथे काहीतरी ताणलेलं आहे.

दाबातल्या काडीबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. तीच काडी दुप्पट लांब केली तर वाकण्याआधी ती चौथा हिस्साच भार सोसते. म्हणून मास्टचे हीर जाड करण्यापेक्षा त्यांना मध्येमध्ये आडव्या काड्यांनी धरा. तीन-तीन सेंटिमीटरवर आडवी काडी आणि प्रत्येक चौकोनात तिरकी, एवढं केलंत की मूळ यंत्राची लयही येते आणि मास्ट ताठही राहतो. चारही बाजू अशा झाल्या तरी काम संपत नाही. मास्ट वरून बघा. आतला चौकोन दाबला की तो पतंगासारखा तिरका होतो. दर तीन-चार घरांनंतर आत आडवा फुलीचा दोरा किंवा काडी घातली की हा तिरकेपणा जातो. ही आतली फुली बाहेरून जवळजवळ दिसत नाही, म्हणून हौशी कामांत ती हमखास राहून जाते आणि मग मास्ट हळूहळू पीळ घेतो.

काड्यांचं हे गणित किती लांब जाऊ शकतं याचा नमुना हवा असेल तर ख्रिस बर्डन या अमेरिकन शिल्पकाराचं काम शोधून बघा. 2008 साली त्यानं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरसमोर 65 फुटी गगनचुंबी इमारत उभी केली. लहानपणी मेकॅनो खेळलेल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल, कारण ती अशाच एका खेळातल्या पट्ट्यांच्या पोलादी नकला करून, सुमारे दहा लाख तुकड्यांची केली होती. तुकडा किरकोळ, पण त्रिकोणात बसला की भार वाहतो.

मग तोल. समजा तुमच्या जिबचं वजन सहा ग्रॅम भरलं आणि ती मास्टपासून साधारण 25 सेंटिमीटरवर बोटावर तोलली जाते. सहा गुणिले 25, म्हणजे 150. मागचा हात 15 सेंटिमीटरचा असेल तर 150 भागिले 15, त्याच्या टोकाला दहा ग्रॅम हवेत. मागच्या हाताचं स्वतःचं वजन थोडं मदत करतं, त्यामुळे प्रत्यक्षात दहाला थोडे कमीच लागतील. हे ठोकळे शाडूचे करा. खऱ्या क्रेनवर काँक्रीटचे असतात आणि वाळलेल्या शाडूचा राखाडी रंग त्याला अगदी जुळतो. ओल्या मातीत पाणी असतं, वाळल्यावर वजन बरंच उतरतं, म्हणून ठोकळे थोडे मोठेच करा. पूर्ण वाळले की टांगून बघा आणि पॉलिश पेपरवर घासत घासत कमी करा. जिब आडवी व्हायला आली की घासणं दर दोन फटक्यांनी थांबवून बघायचं. या टप्प्याला घाई करणाऱ्याचे ठोकळे पुन्हा पहिल्यापासून होतात.

आता शेंडा का हवा ते. क्रेन पंख्याच्या वाऱ्यानं वळावी असं वाटत असेल तर ती सुईच्या टोकावर तोलली पाहिजे, आणि वरचा भाग स्थिर राहायचा तर त्याचा गुरुत्वमध्य सुईच्या टोकाखाली यायला हवा. जिबच्या तळाशी सुई लावलीत तर वरचा भाग पहिल्याच झुळकीला उलटतो. म्हणून सायकलचा स्पोक एका टोकाला घासून टोकदार करा, तो मास्टच्या मधून थेट वर शेंड्यापर्यंत न्या आणि शेंड्याच्या आतून टिचबटणाचा खळगा पालथा चिकटवून त्या टोकावर ठेवा. जिब, मागचा हात, ठोकळे सगळं त्या बिंदूखाली लोंबतं आणि आपसूक सावरतं. वरचा फिरता भाग स्पोकला किंवा मास्टला कुठेही घासत नाही ना, ते बघा. हूकही दोऱ्यानं खाली सोडा. त्याचं वजन तोलाच्या हिशेबात धरायला विसरू नका.

पत्र्याच्या यंत्रांकडे वळताना मी पूर्ण पोकलेन करायचा सल्ला देणार नाही. नुसती बकेट करा. यंत्राच्या एका अवयवातही त्याची सगळी जरब असते, आणि मोठ्या मापात करता येते. 1:10 मापात एक मीटर रुंदीची बकेट दहा सेंटिमीटरची होते, हातात मावते. सामान शाडू, आणि ती न भाजता तशीच ठेवायची. गणपतीच्या मूर्तींमुळे न भाजलेल्या मातीवर काम करायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. अमेरिकेतली क्रिस्टन मॉर्गिन तर लाकूड-तारेच्या सांगाड्यावर न भाजलेल्या मातीच्या जुन्या मोटारी करते. त्या भेगाळलेल्या, कुठे कुठे गळालेल्या दिसतात आणि ते त्यांना शोभतं.

शाडूत भिजवलेल्या वर्तमानपत्राचा लगदा चौथ्या हिश्शापर्यंत मळा. भेगा कमी होतात, वजन उतरतं आणि पातळ भिंत उभी राहते. चार मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये माती ठेवून लाटण्यानं लाटा. पाठीचा गोलवा देण्यासाठी कागदात गुंडाळलेला डबा खाली घ्या. बाजूचे दोन पत्रे सपाट कापून वेगळे वाळत ठेवा. सगळे तुकडे चामड्यासारखे झाले, म्हणजे वाकवल्यावर थोडे वाकतात पण बोट रुतत नाही, की जोडायची वेळ आली. दोन्ही कडांवर सुरीनं आडव्यातिडव्या रेघा मारा, पातळ केलेली माती लावा आणि दाबून घासा. डबा याच वेळी काढून घ्या. माती सुकताना आक्रसते आणि डबा आक्रसत नाही, म्हणजे मध्ये भेग ठरलेलीच. याच कारणानं लहान कामात आत तार घालू नका. आधार हवाच असेल तर काथ्याचे तुकडे मळा.

दात शेवटी. खऱ्या बकेटचे दात वेगळे बसवलेले असतात आणि झिजले की बदलतात. तुमचेही वेगळे करून जोडा, आणि त्यातला एक झिजलेला, आखूड करा. जमीन फोडणारा अवयव जमिनीचाच केलेला आहे, ओल्या फडक्यानं पुसला तर विरघळेल, हे बघणाऱ्याच्या ध्यानात येतं ते बहुधा या दातांशी. ओलसर कापड झाकून दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, मग कापड काढा, रोज बाजू बदला. उन्हात ठेवलीत तर कडा आधी सुकतात आणि पाठीला तडा जातो. तडा गेलाच तर रडू नका. न भाजलेल्या मातीचा हाच फायदा आहे, पाण्यात भिजवली की सगळी परत मिळते.

हवेचं मात्र ऐकावं लागतं. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत कागद फुगतो, दोरा ढिला पडतो, शाडूला बुरशी धरते. शक्य असेल तर काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत उरका. देशावर थोडी मोकळीक मिळते. कागदाला कागद जोडायला मैद्याची खळ उत्तम, पण ती कसरीलाही आवडते. बायंडिंगवाले त्यासाठी चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे, हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. घरात लहान मुलं असतील तर हा उद्योग नकोच, फेविकॉलवर भागवा.

टिकाऊपणासाठी पारदर्शक प्लॅस्टिककडे वळणाऱ्यांनी नाउम गाबोच्या शिल्पांची गत बघावी. अभियांत्रिकी शिकलेल्या या रशियन शिल्पकारानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेल्युलोजच्या प्लॅस्टिकमध्ये अत्यंत देखणी, यंत्रासारखी नेमकी कामं केली. त्यातली काही पुढे वाकली, तडकली, विघटित होऊन गेली. या प्लॅस्टिकमधून सुटणारी आम्लाची वाफ बंद पेटीत कोंडली की ऱ्हास आणखी वेगानं होतो. चांगल्या प्रतीचा आम्लरहित हातकागद याच्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतो. तो पुण्यात हातकागद संस्थेत मिळतो.

रंगाबद्दल सुरुवातीला बोललोच. कागद पांढरा, हीर तपकिरी, माती राखाडी, एवढे तीन रंग पुरे. त्याऐवजी सावलीवर कष्ट घ्या. क्रेन भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा आणि एकच दिवा बाजूनं, थोडा खालून सोडा. भिंतीवर जाळीची सावली मूळ शिल्पापेक्षा मोठी पडते. दोन दिवे लावलेत की सावल्या एकमेकींना खातात. बकेटला मात्र वरून प्रकाश हवा, म्हणजे आतली पोकळी काळी राहते. काचेची पेटी धुळीसाठी सोयीची, पण वळणारी क्रेन पेटीत ठेवली तर वळणार कशी? तिला उघडीच ठेवा आणि आठवड्यातून एकदा मऊ ब्रशनं झटका.

काडी मोडली तर आधी ती कशी मोडली ते बघा. मध्ये बाहेर फुगून मोडली असेल तर ती फार लांब होती, नवी लावताना मध्ये आडवी धरा. सांध्यातून उपटली असेल तर त्रिकोण लहान पडला. मोडक्या काडीला ठिगळ लावण्यापेक्षा पूर्ण काडी बदलावी. त्यासाठी त्याच खराट्यातले थोडे हीर आधीच बाजूला काढून ठेवा, दुसऱ्या खराट्याचा रंग जुळत नाही.

प्रदर्शनाला न्यायचं असेल तर खऱ्या क्रेनचाच कित्ता गिरवा. तीही तुकड्यातुकड्यांनी ट्रकवरून येते आणि पिना मारून जोडली जाते. जिब, मागचा हात, शेंडा आणि मास्ट वेगळे होतील असे करा, सांध्यात टाचण्या घाला. पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाची फळी स्क्रूनं पक्की करा आणि मास्टला तीन उंचींवर कापडी फितीनं खोक्याच्या भिंतींना बांधा, म्हणजे तो मध्येच तरंगता राहतो. भोवती कागदाचे बोळे कोंबू नका, धक्का बसला की तेच बोळे काड्या मोडतात. बकेट भाताच्या पेंढ्यात बसवा, तोंड वर करून, दातांना काही टेकणार नाही अशी. सोबत चिमटा, दोरा, फेविकॉल, जादा हीर आणि पोस्टाचा वजनकाटा असेल तर तोही घ्या, कारण दालनात हवा वेगळी असते आणि तोल पुन्हा बसवावा लागतो. जागा ठरवण्याआधी छतावर पंखा आणि एसीचं तोंड कुठे आहे ते विचारून घ्या. मंद झुळूक हवी, थेट झोत नको, आणि जिबच्या पूर्ण वर्तुळात कोणाचा खांदा येणार नाही इतकी जागा मोजून मागा.